पांढऱ्या कोटाआडची काळजी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



दहा ऑक्टोबर ही तारीख आपल्या सोलापूरच्या दृष्टीने मोठी आहे. १९१० साली याच दिवशी डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म सोलापुरात झाला. योगायोग असा, की १९९२ पासून हाच दिवस जगभर मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मला पुष्कळ वर्षे वाटले नव्हते. आता वाटतो, आणि आजचे बोलणे त्यावरच आहे.

कोटणीसांची कथा आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले, त्यांत ते होते. बाकीचे परतले, हे मागे राहिले. १९४० मधल्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, चीनमध्येच त्यांचा अंत झाला. १९४६ मध्ये शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि ते घराघरांत पोचले. माझ्या वडिलांनी तो तीनदा पाहिला होता. मी डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा बहुधा तिथूनच आलेली.

मी डॉक्टर झालो. निवासी डॉक्टर म्हणून उमेदवारी करत असताना एकदा छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर मी भिंतीला टेकून उभ्याउभ्या डुलकी घेत होतो. आमचे एक वरिष्ठ तिथून जाताना म्हणाले, "अरे, कोटणीस बहात्तर तास उभे राहिले होते. आणि तुम्हाला एवढ्यात झोप येते?" सगळे हसले, मीही हसलो. ते गृहस्थ मनाने वाईट नव्हते. त्यांनाही त्यांच्या वरिष्ठांनी असेच काहीतरी ऐकवले असणार. पण पुढे विचार करताना मला ते वाक्य खटकत गेले. कोटणीसांच्या समोर युद्ध होते. आमच्या समोर ड्यूटीचा तक्ता होता. तो कोणीतरी कागदावर आखलेला होता आणि आखणाऱ्याला तो बदलता आला असता.

मी पेशाने भूलतज्ज्ञ. चाळीसेक वर्षे लोकांना झोपवले आणि, जे जास्त महत्त्वाचे, पुन्हा उठवले. भूलतज्ज्ञाचे एक बरे असते. त्याचा स्वतःचा वॉर्ड नसतो, पण त्याला सगळीकडे बोलावणे येते. सकाळी हाडांच्या विभागात, दुपारी प्रसूतीच्या टेबलाशी, रात्री अपघात विभागात. रुग्णाच्या उशाशी बसून तो समोरच्या सगळ्या डॉक्टरांचे चेहरे पाहत असतो. मास्कमुळे फक्त डोळे दिसतात. पण घाबरलेला माणूस ओळखायला डोळे पुरेसे होतात.

'कोणत्या विभागातल्या डॉक्टरला सर्वांत जास्त चिंता?' असा प्रश्न मला पुष्कळदा विचारला जातो. त्याचे मोजमाप करण्याच्या पद्धतीही आहेत. जीएडी-७ नावाची एक प्रश्नावली २००६ पासून वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटले का, काळजी थांबवता आली का, चिडचिड झाली का, असे सात प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस. दहा किंवा त्याहून जास्त गुण झाले तर तज्ज्ञाकडून नीट तपासणी करून घ्यावी, असा संकेत आहे. साधी, उपयोगी गोष्ट आहे. तरी एक विभाग पहिला आणि दुसरा शेवटचा, अशी गुणपत्रिका लावण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. ज्या डॉक्टरची काल रात्रपाळी होती त्याला आज विचारले आणि रजेवरून आलेल्याला आज विचारले, तर आकडे वेगळे येणारच. मला दिसले ते असे, की प्रत्येक विभागाची भीती वेगळ्या जातीची असते. तिच्यावरचा उपायही म्हणून वेगळा असतो.

माझ्याच विभागापासून सुरुवात करतो. भूल देण्याचे काम बहुतेक वेळ शांत असते, इतके की बघणाऱ्याला वाटावे हा माणूस बसून पगार घेतो. पण प्राणवायू मिळाला नाही तर मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटे पुरतात. श्वासनलिकेत नळी बसली नाही, की ती मिनिटे मोजायची. मी सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे पल्स ऑक्सिमीटर नव्हता. रुग्णाच्या नाडीवर बोट आणि नखांच्या रंगावर नजर, एवढेच साधन. आज यंत्रे आली, काम कितीतरी सुरक्षित झाले. भीतीचे स्वरूप मात्र तेच आहे: सगळे सुरळीत चालले असताना कान टवकारून बसायचे. रिकामी बसलेली भीती, असे मी तिला म्हणतो.

प्रसूती विभागात याच्या उलट. तिथे रिकामे बसायला कोणालाच मिळत नाही. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. प्रसूतीनंतर ते गर्भाशय आकुंचन पावले नाही, तर एका धडधाकट बाईचे काय होईल हे आपल्याला घड्याळात पाहून सांगता येते. शिवाय इतर वॉर्डात रुग्ण आजारी म्हणून आलेला असतो, त्याच्या घरच्यांनी मनाची थोडी तयारी केलेली असते. इथे लोक पेढे घेऊन आलेले असतात. त्या पेढ्यांचे ओझे प्रसूतितज्ज्ञाच्या मनावर किती असते, हे पेढे आणणाऱ्यांना कळत नाही.

अपघात विभागाची गोष्ट आणखी निराळी. पुण्याहून हैदराबादला जाणारा महामार्ग आपल्या दारातून जातो. रात्री-अपरात्री त्या रस्त्यावरची माणसे येतात. धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडूनही येतात. एका जखमीबरोबर वीस-पंचवीस जण. कोणी मराठी बोलतो, कोणी कन्नड, कोणी तेलुगू, कोणी उर्दू. गेल्याच वर्षी पदवी घेतलेला विदर्भातला किंवा खानदेशातला मुलगा त्यांच्यापुढे उभा असतो. 'वाचण्याची शक्यता कमी आहे' हे वाक्य आधीच जड. ते ज्या भाषेत आपल्याला नीट येत नाही त्या भाषेत सांगायचे. मधल्या कोणी त्याचा अर्थ चुकीचा लावला तर काय होईल, याची धास्ती त्याला असते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याला एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी इतकी मारहाण केली, की त्याच्या एका डोळ्याला कायमची इजा झाली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले होते. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. पण रात्री दोन वाजता कायद्याचे पुस्तक दारात उभे राहत नाही. अपघात विभागातल्या मुलांचा एक डोळा जखमेवर आणि एक डोळा दारावर असतो, हे मी पाहिले आहे. जखम शिवणाऱ्या माणसाचे दोन्ही डोळे जखमेवर हवेत, हे सांगायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

बालरोग विभागात भीती दशांशचिन्हाची. दीड किलोच्या बाळाचा डोस काढताना एक टिंब सरकले, की औषध दसपट. मनोविकार विभागातल्या डॉक्टरला काळजी घरी पाठवलेल्या रुग्णाची. न्यायवैद्यक विभागातल्यांना आज लिहिलेल्या ओळीवर पाच वर्षांनी न्यायालयात उलटतपासणी होईल याची.

आणि मग उरतात ते न दिसणारे विभाग. पॅथॉलॉजीवाल्यांना काय चिंता, काचा बघत बसायचे, असे आम्हीच टेबलाशी उभे राहून म्हणत असू. एकदा एका शस्त्रक्रियेत गाठीचा तुकडा तातडीच्या तपासणीला पाठवला होता. फ्रोझन सेक्शन म्हणतात त्याला. रुग्ण टेबलावर तसाच, पोट उघडे, आणि वीस-एक मिनिटांत खालून उत्तर यायचे: कर्करोग आहे की नाही. आहे म्हटले तर अवयव काढायचा, नाही म्हटले तर पोट मिटवायचे. उत्तराला उशीर झाला म्हणून सर्जननी मला खाली पाठवले. बघतो तो त्या बाई सूक्ष्मदर्शकावरून उठून खिडकीशी उभ्या. मला पाहून म्हणाल्या, "दोन मिनिटे द्या हो. मी परत एकदा बघते. त्या पेशंटचा चेहरा मी पाहिलेला नाही आणि तिने माझा. तरी तिचे काय करायचे ते मीच ठरवायचे." त्या दिवसापासून मी पॅथॉलॉजीवाल्यांना हसणे बंद केले.

मानसशास्त्रज्ञ चिंतेचे दोन प्रकार सांगतात. एक प्रसंगापुरती चिंता. प्रसंग गेला की ती जाते. दुसरी स्वभावात मुरलेली. पहिली वाईट नव्हे. किंबहुना ती नसेल तर तो डॉक्टर धोक्याचा आहे असे मी म्हणेन. बोगद्यात शिरताना ज्याच्या मनात काहीच हलत नाही अशा चालकाच्या गाडीत आपण बसणार नाही. आमच्या व्यवसायात पहिली चिंता दुसरीत मुरत जाते, कारण तिला बाहेर पडायला वाट नसते. आणि मुरायला वेळ भरपूर असतो.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती कुठल्या रुग्णालयात घडली ते महत्त्वाचे नाही.

भूलशास्त्रात येऊन मला चार वर्षे झाली होती. पहाटे तीनच्या सुमारास एक बाई सिझेरियनला घेतली. विडी कारखान्यात काम करणारी, तिसरे बाळंतपण. बाळ निघाले, रडले. मग रक्तस्राव सुरू झाला आणि थांबेना. रक्ताची पिशवी सांगितली होती. ती 'येत आहे' असे प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितले होते. प्रत्यक्षात चिठ्ठी रक्तपेढीत पोचलीच नव्हती. मी माझ्या वरिष्ठांना फोन करायला हवा होता. तो मी अकरा-बारा मिनिटे केला नाही. कारण आदल्या आठवड्यात एका केससाठी मी त्यांना उठवले होते आणि ते म्हणाले होते, "एवढ्यासाठी फोन?" मी वाट पाहिली. सुरू करतानाच मला मनात वाटले होते, की आज काहीतरी बरोबर नाही, रक्त आल्याशिवाय सुरुवात नको. पण टेबलाभोवती कोणीच काही बोलत नव्हते, आणि सर्वांत लहान मी. मीही बोललो नाही. पहाटे साडेपाचला ती बाई गेली.

बाहेर तिची सासू होती. तिला मी सांगितले. काय शब्दांत सांगितले ते आज आठवत नाही. चाळीस मिनिटांनी पुढची केस होती, ती मी केली. आठवड्याने चौकशीची बैठक झाली. कागद पाहिले, वेळा पाहिल्या, चिठ्ठीचा प्रश्न निघाला आणि बुडाला. माझ्या नावापुढे काही लिहिले गेले नाही. तुला कसे वाटते आहे, असे मात्र कोणी विचारले नाही. त्या काळात तसा रिवाजच नव्हता.

त्यानंतर मला एक सवय लागली. सुरुवातीला प्राणवायूचा सिलिंडर मी दोनदा तपासू लागलो. त्यात चूक काही नाही. मग तीनदा. मग घरी गेल्यावर आठवायचे, उद्याच्या केसचा सिलिंडर पाहिला का? उठून रुग्णालयात जायचे. पत्नीला सांगायचे, इमर्जन्सी आहे. काही वर्षे हे चालले. पोटात जळजळ, छातीत धडधड, पहाटे तीनला जाग. ईसीजी तीनदा काढून घेतला, तिन्ही स्वच्छ. एके दिवशी थिएटरच्या जुन्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, हे तुम्ही चौथ्यांदा बघताय. मी आल्यापासून मोजतेय." मला आधी राग आला. मग मी सामान ठेवायच्या खोलीत जाऊन बसलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. त्या महिन्यात मी माझ्या एका मनोविकारतज्ज्ञ मित्राकडे गेलो. पहाटेच्या त्या घटनेला तेव्हा अकरा वर्षे झाली होती. अकरा वर्षांत प्रथमच मी ती कोणाला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत होतो. औषध घेतले, बोललो, वर्षभरात बरा झालो. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते हे मला बरे झाल्यावर कळले.

पुढे २००० साली अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटा लेख लिहिला. चूक घडते तेव्हा पहिला बळी रुग्ण असतो आणि दुसरा बळी ती चूक हातून घडलेला डॉक्टर, असे त्यांचे म्हणणे. लेख वाचून मला कोणीतरी माझे नाव घेतल्यासारखे वाटले. मात्र २०१९ मध्ये त्याच नियतकालिकात रुग्णांच्या नातेवाइकांच्या बाजूने या शब्दाला आक्षेप घेतला गेला, की डॉक्टरला बळी म्हणू नका, त्यामुळे जबाबदारी पुसली जाते. मला तो आक्षेप मान्य आहे. त्या विडी कामगार बाईच्या सासूसमोर उभे राहून 'मीही बळी आहे' असे म्हणण्याची माझी छाती झाली नसती. आणि तरीही वू यांनी जे पाहिले ते खरे आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

आता झोपेबद्दल, कारण तिच्यावाचून चिंतेचे बोलणे पोकळ आहे. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सतरा तास सलग जागे राहिलेल्या माणसाच्या हातांचा आणि लक्षाचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका ढळतो. चोवीस तासांनी तो साधारण ०.१० टक्क्यांइतका. आपल्याकडे वाहन चालवताना मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे हैदराबाद रस्त्यावर ज्या अवस्थेतल्या ट्रकचालकाला पोलीस खाली उतरवतील, त्या अवस्थेत आपण निवासी डॉक्टरच्या हाती सुई देतो. चिंता आणि अपुरी झोप एकमेकींना पोसतात. झोप नाही म्हणून चूक, चूक झाली म्हणून झोप नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल केल्यापासून काही तासांत दगावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर अतिश्रमाने थकलेले होते, हा मुद्दा तिच्या वडिलांनी वर्षानुवर्षे लावून धरला. त्यातून १९८९ मध्ये त्या राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. आपल्याकडे तर १९९२ पासूनच केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत सलग बारा तास आणि आठवड्याला साधारण ४८ तास असे लिहिलेले आहे. पुढे 'कामाच्या निकडीनुसार' अशी सवलत जोडलेली आहे. आमच्याकडे निकड बाराही महिने असते. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, एक सुटी हवी, अशी शिफारस केली. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. ज्यांनी निदानच करून घेतलेले नाही, ते या आकड्यात नाहीत. मी अकरा वर्षे त्या न मोजलेल्यांतच होतो.

कायद्याबद्दलही थोडे बोलतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असा निर्णय दिला, तेव्हापासून आमच्यापैकी अनेक जण आपल्या सगळ्या चिंतेचे खापर त्या निकालावर फोडतात. मला ते पटत नाही. रुग्णाला दाद मागता आलीच पाहिजे. २००५ च्या निकालात याच न्यायालयाने साधी चूक आणि गुन्हा ठरावा इतका ढळढळीत निष्काळजीपणा यांत फरकही केला आहे. नोटिशीची भीती असतेच. पण रात्री तीन वाजता मला जाग आणणारी ती नव्हती.

करोनाच्या काळात एक विचित्र गोष्ट घडली. एप्रिल २०२० मध्ये सोलापुरात पहिला रुग्ण आढळला. मी तेव्हा निवृत्त झालेलो, पण माझे विद्यार्थी सिव्हिलमध्ये आणि खासगी रुग्णालयांत राबत होते. ते मला फोन करून सरळ म्हणायचे, "सर, भीती वाटते." अधिष्ठात्यापासून वॉर्डातल्या मामांपर्यंत सगळेच घाबरलेले असल्यामुळे कोणाला लाज वाटत नव्हती. इतक्या वर्षांत आमच्या व्यवसायात ते वाक्य इतके मोकळेपणाने मी कधी ऐकले नव्हते. लाट ओसरली आणि ते पुन्हा बंद झाले.

एप्रिल २०२५ मध्ये आपल्या शहराने एका नामवंत मेंदूविकारतज्ज्ञाला अकाली गमावले. त्या घटनेची कारणे शोधणे हे तपासयंत्रणेचे आणि न्यायालयाचे काम. मी त्याबद्दल काही बोलणार नाही आणि आपणही तर्क लढवू नयेत. मला सांगायचे आहे ते त्या दिवसांत कानावर आलेल्या एका वाक्याबद्दल: "एवढा मोठा डॉक्टर, त्याला काय कमी होते?" हेच वाक्य आपण यंत्रमागावरच्या माणसाबद्दल उच्चारत नाही. डॉक्टर आतून खचू शकतो हे आपल्या कल्पनेतच बसत नाही, आणि डॉक्टरच्या स्वतःच्या कल्पनेत तर मुळीच नाही. ऐकणाऱ्यांत कोणी डॉक्टर, परिचारिका किंवा त्यांच्या घरचे कोणी असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लिहून ठेवा. २०२२ पासून ती शासकीय सेवा चालू आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कोणीतरी फोन उचलते, मराठीत बोलता येते. आपल्याच रुग्णालयातल्या सहकाऱ्याकडे जायला संकोच वाटतो, तो मला ठाऊक आहे. तिथे तो प्रश्न येत नाही.

आपल्या मराठीत काळजी हा शब्द दोन्ही अर्थांनी येतो. काळजी घ्या म्हणतो तेव्हा ती माया असते, काळजी करू नका म्हणतो तेव्हा ती चिंता. डॉक्टर नातेवाइकांना म्हणतो, "तुम्ही काळजी करू नका." नातेवाईक हातातले ओझे खाली ठेवल्यासारखे हलके होतात. ते ओझे डॉक्टरने उचललेले असते. ते त्याने कुठे ठेवावे याची सोय रुग्णालयात हवी. सोय म्हणजे मोठी इमारत नव्हे. मृत्यू झाल्यावर दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटे दार लावून बसणे, ज्यात कागद नाहीत. फोन केल्यावर 'एवढ्यासाठी?' असे न म्हणणारा वरिष्ठ. पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला मला कोणत्या रुग्णाची धास्ती आहे ते सांगणे. अपघात विभागात नातेवाइकांशी बोलायला कन्नड आणि तेलुगू येणारा एक माणूस रात्रीही हजर असणे. आणि ज्याने छत्तीस तास काम केले त्याला घरी पाठवणे, कोटणीसांचे नाव न घेता.

आता शेवटची गोष्ट. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एकोणीस कलमांची एक तपासणी-यादी काढली. तिच्यात एक कलम असे, की सुरी लावण्यापूर्वी टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे. आम्हाला आधी हसू आले. वीस-वीस वर्षे एकत्र काम करणाऱ्यांनी नावे काय सांगायची? तरी सुरू केले. मी तेव्हा विभागात वरिष्ठ होतो. एका सकाळी सिझेरियनची केस होती, आधीची दोन सिझेरियन झालेली बाई. नावे सांगायला सुरुवात झाली. सर्जन, सिस्टर, मामा. शेवटी माझ्याबरोबरची पहिल्या वर्षाची निवासी मुलगी. तिने नाव सांगितले, भूल विभाग म्हणाली, आणि थांबली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मला या केसची जरा भीती वाटते आहे."

थिएटरमध्ये शांतता पसरली. सर्जन मॅडम कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी हातातली सुरी ट्रेमध्ये परत ठेवली आणि विचारले, "कशाची?"

"रक्त आलंय असं सगळे म्हणतायत. मी पिशवी पाहिली नाही."

सिस्टर बाहेर गेल्या, फोन केला, परत आल्या. रक्त आलेले नव्हते. ते वीस मिनिटांनी आले. मी पिशवीवरचा गट आणि नंबर वाचला, त्या मुलीने पुन्हा वाचला, आणि मग आम्ही सुरुवात केली.